स्वभाव : गरीब

जनावरांच्या डॉक्टरकडे किस्से कसे साठतात सांगू? उकिरड्यासारखे. रोज एक पाटी पडते, आपलं लक्ष नसतं, आणि एक दिवस बघावं तर दाराशी हा ढीग! मी जालना जिल्ह्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत तीस वर्षं काढली आणि गेल्या वर्षी रिटायर झालो. आता सकाळी फिरायला जातो तेव्हा आमच्या ग्रुपमधलं कुणी ना कुणी म्हणतंच, "डॉक्टर, एक होऊन जाऊ द्या!"

मग मी सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. पण आजवर मी मापात पाप करत आलो. जिथं फजिती होती तिथं दुसऱ्याचं नाव घातलं, जिथं शहाणपण होतं तिथं माझं. काही किस्से तर सांगितलेच नाहीत. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते म्हणतात. माझा ढीग तळापासून उपसायला मला त्याहून जास्त वर्षं लागली.

माझं काम काय होतं, ते आधी सांगतो. गावातल्या गायींना चांगला वळू मिळाला तर पुढची पिढी चांगली निपजते. असा वळू निवडणाऱ्या समितीत मी असायचो. पाय बघायचे, खुरं बघायची, मग छाती, खांदे, पाठ, चाल, वृषणांचं माप, दात बघून वय. हे सगळं फॉर्ममध्ये भरायचं. आणि फॉर्मच्या अगदी शेवटी एक बारीकसा रकाना असायचा. स्वभाव!

बाकी सगळ्या रकान्यांत जनावराची परीक्षा व्हायची. त्या शेवटच्या रकान्यात माझी झाली.

*

नोकरीचं पहिलं वर्ष. बदनापूरकडच्या एका गावात जनावरांचं प्रदर्शन होतं. मी कॉलेजातून ताजा ताजा बाहेर पडलेला. गळ्यात स्टेथोस्कोप, आणि तो काढायची इच्छाच व्हायची नाही! कुणीतरी माईक हातात दिला आणि म्हणालं, "आदर्श वळू कसा असावा, ते लोकांना समजावून सांगा."

समोर एक दांडगं तांबडं जनावर आणून उभं केलं होतं. मी छडी घेऊन सुरू झालो. "शेतकरी बंधूंनो, ही पाठ बघा, कशी पाटासारखी सरळ! ही छाती बघा, हे खांदे बघा! असा वळू गावात असेल तर तुमच्या गोठ्याचं सोनं होईल!" चांगली दहा मिनिटं बोललो. लोक जागचे हलले नाहीत. इतके शांत श्रोते मला पुन्हा कधी मिळाले नाहीत.

"आणि आता, सगळ्यात महत्त्वाचा भाग!" असं म्हणत मी जनावराच्या मागे गेलो. शेपूट बाजूला केली. आणि माझा आवाज माईकमध्येच अडकला.

पुढच्या रांगेतले एक म्हातारबाबा उठले आणि हात जोडून म्हणाले, "सायेब, ह्यो वळू न्हाई. ह्यो बैल हाय. वळू अजून टेम्पोतून उतरून राह्यलाय."

मंडप हसला. मला वाईट वाटू नये म्हणून म्हातारबाबांनी पुढे जोडलं, "बाकी तुम्ही सांगितलं ते बिलकुल बराबर हाय!"

इथपर्यंत मी नेहमी सांगतो. पुढचं सांगत नाही. मी माईकवरून ओरडलो, "चुकीचं जनावर कुणी आणून उभं केलं?" बैलाचा मालक पुढे आला. बिचारा नुसता सावलीला उभा राहिला होता बैल घेऊन. सगळ्या गावासमोर त्यानं माझी माफी मागितली. डोळे उघडे ठेवून बघायचं काम माझं होतं, आणि माफी त्यानं मागितली. मी ती घेतलीही.

*

पुढे बऱ्याच बदल्यांनंतर भोकरदन तालुक्यात आलो. तिथल्या दवाखान्यात रहीमभाई अटेंडंट होते. माझ्याच वयाचे, खांद्यावर कायम चौकडीचा रुमाल. जनावराची पारख मला पुस्तकानं शिकवली होती, रहीमभाईंना त्यांच्या वडिलांनी बाजारात शिकवलेली. ते म्हणायचे, "सायेब, शिंग बघू नका, कान बघा. शिंग मागून बोलतं. कान आधी बोलतो."

आपल्याकडे जनावराचे स्वभाव दोनच. मारकं आणि गरीब. अंगावर येतं ते मारकं. लहान पोर पोटाखालून पलीकडे गेलं तरी जे हलत नाही ते गरीब. इथल्या शेतकऱ्याला विचारा, तो दुसरा शब्द वापरणारच नाही. म्हणून मीही एकदा अकरा वळूंचे फॉर्म भरताना सरळ लिहून टाकलं, स्वभाव : गरीब.

आठ दिवसांनी वरच्या ऑफिसातून फोन. साहेब नवीन होते, लांबून बदलून आलेले. "डॉक्टर, तुम्ही अकरा ठिकाणी गरीब लिहिलंय. मालक गरीब असेल तर उत्पन्नाचा दाखला जोडायला नको का? पुरावा कुठंय?"

आता बघा, एकच वाक्य बोलायचं होतं. "सर, गरीब म्हणजे शांत." शेंबडं पोरगंही बोललं असतं. पण साहेबाचा आवाज चढलेला ऐकला की माझी जीभ टाळूला चिकटते, आजही चिकटते. मी म्हणालो, "सॉरी सर. जोडतो."

रहीमभाई माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "सायेब, वळूच्या उत्पन्नाचा दाखला तलाठी देतो का ग्रामसेवक?"

तरी मी त्यांना अकरा मालकांकडे पाठवलं! दोन दिवसांत पंचक्रोशीत बातमी की डॉक्टर जनावरांसाठी काहीतरी स्कीम काढून राह्यलेत. तिसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर रांग. सगळ्यात पुढे एक आजोबा, हातात म्हशीचं दावं. म्हशीच्या कानातला सरकारी नंबराचा पिवळा बिल्ला धरून मला दाखवत म्हणाले, "सायेब, हिचं आधार कार्ड तर हाय कानात. मंग आता पिवळं रेशन कार्ड कवा भेटन?"

शेवटी अकराही फॉर्म मी नव्यानं लिहिले. स्वभाव : शांत. साहेब खूश. आणि त्यांची चूक त्यांना आजतागायत कळलेली नाही, कारण सांगणारा मी होतो.

*

एकदा मला ट्रेनिंगला पाठवलं. तिथं शिकलो की जनावराचा स्वभाव शास्त्रोक्त पद्धतीनं मोजता येतो. अरुंद जागेतून त्याला मोकळं सोडायचं आणि ठरावीक अंतर पार करायला किती सेकंद लागतात ते बघायचं. सावकाश गेलं तर गरीब, सुसाट गेलं तर भडक डोक्याचं. मी भारावून गेलो. आल्या आल्या एक स्टॉपवॉच घेतलं.

पहिला प्रयोग केदारखेड्याकडच्या एका शेतकऱ्याच्या वळूवर. ट्रेनिंगमध्ये पुढे कुंपण होतं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली! समोर उघडं रान. मालक म्हणाला, "सायेब, दावं काढू?" मी म्हणालो, "काढा, काढा. शास्त्र आहे."

रहीमभाईंच्या हातात घड्याळ. मी हात वर केला, मालकानं दावं सोडलं, आणि वळू जो निघाला तो कपाशीतून, बांधावरून, ओढ्यातून दिसेनासा झाला. आम्ही दोघं तिथंच. मालक "आरं आरं" करत त्याच्यामागे धावला.

चहा आला, तो आम्ही प्यायलो. दुपार उलटली. रहीमभाईंनी खिशातून घड्याळ काढून पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "सायेब, हे बंद करू का चालू ठिवू?"

वळू दुसऱ्या दिवशी चार गावं पलीकडे एका गायीशेजारी उभा सापडला. मालक आदल्या दिवसापासून उन्हातान्हात चालत होता. दावं धरून परत येताना दवाखान्यावरून गेला. त्याचे पाय सुजलेले होते. मी पुटपुटलो, "माझं जरा चुकलंच." तर तो म्हणतो, "तुमचा काय दोष सायेब? तुम्ही सोड म्हणले, म्या सोडलं." त्यानं मला एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

*

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते.

त्या गावाचं नाव घेत नाही. गावगटासाठी लाल कंधारी जातीचा एक वळू निवडायचा होता. जो पास होईल त्याच्याकडे आजूबाजूच्या सगळ्या गायी येणार आणि पुढे त्याचीच वासरं रानोमाळ फिरणार. जे नापास होतील त्यांचं खच्चीकरण करायचं, असं ठरलेलं. म्हणजे नापास वळूचं वाण तिथंच संपलं.

मैदानात शेवटी दोन वळू उरले. एक भाऊसाहेबांचा. भाऊसाहेब आमच्या भागातले पुढारी. त्यांनी एक फोन केला की माणसाची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला! दुसरा वळू कौसाबाईंचा. कौसाबाई साठीला आलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटीनं शेत करणाऱ्या.

त्यांच्या वळूचं नाव शेंदऱ्या. तो तीन दिवसांचा असताना त्याची आई गेली. कौसाबाईंनी त्याला शेळीचं दूध पाजून जगवलं होतं. मला म्हणाल्या, "सायेब, माझी सासू ह्या घरात आली तवा माहेरून गाय घेऊन आल्ती. त्या गायीचं वाण हाय हे. सगळं सरलं, आता ह्यो एकटाच उरलाय. पास झाला तर वाण ऱ्हाईल. मला दुसरं कायीच नको."

मी शेंदऱ्याला चालवून बघितलं. गर्द तांबडा रंग, डोळ्यांभोवती काळी कड, मागचे पाय सरळसोट. चालताना पुढचं खूर जिथं उठायचं त्याच ठशावर मागचं खूर पडत होतं. मी नोकरीत शेकडो वळू पाहिले. असा चालणारा दुसरा पाहिला नाही.

भाऊसाहेबांचा वळू अंगानं मोठा. तेल लावून चकाकवलेला, शिंगांना गोंडे. पण उभा कुठं केला होता? सोयाबीनच्या भुसकटाच्या जाड थरावर! खूर आणि निम्मे पाय भुसकटात गडप. रहीमभाई माझ्या कानाशी आले. "सायेब, पाय दिसून नाही राह्यले. ज्याचे पाय धड हैत त्याला गादी कायला लागती?"

मी सकाळीच त्याला टेम्पोतून उतरताना पाहिलं होतं. मागचे दोन्ही पाय आत वळलेले, ढोपरं एकमेकांवर घासत होती. हा दोष वासरांत उतरतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही त्याला नापास करेल.

भाऊसाहेब माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा प्रेमळ आवाजात म्हणाले, "डॉक्टर, मिसेस जालन्यातच शाळेवर आहेत ना? आणि मुलगी यंदा दहावीला. बरंय, बरंय. मुलांची शाळा मधेच बदलू नये."

बस, एवढंच. धमकी नाही, काही नाही.

माझ्या हातात शेंदऱ्याचा फॉर्म होता. वरचे सगळे रकाने उत्तम, उत्तम, उत्तम असे भरून झालेले. फक्त शेवटचा रिकामा. कौसाबाई समोर दावं धरून उभ्या होत्या. धरून कसल्या, दावं सैल लोंबत होतं आणि शेंदऱ्या त्यांच्या पदराचा वास घेत होता.

मी म्हणालो, "बाई, दावं जरा कुणा माणसाच्या हातात द्या."

"मंग मी कोण हाय?" कौसाबाई म्हणाल्या.

मैदान हसलं. मीही हसलो. 

"तसं नव्हे," मी म्हणालो. "नियम आहे. दावं कुणाच्याही हातात दिलं तरी जे जनावर गुमान चालतं, त्यालाच गरीब म्हणायचं."

असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, कुठल्याही जीआरमध्ये नाही. तो मी तिथं खुर्चीत बसल्या बसल्या तयार केला.

भाऊसाहेबांचा गडी लगेच पुढे झाला. जणू वाटच बघत होता. त्यानं दावं घेतलं आणि वेसणीला हिसका दिला. कौसाबाई ओरडल्या, "हिसका नका देऊ! नाक कवळं हाय त्याचं!" गड्यानं दुसरा हिसका दिला. रहीमभाई म्हणाले, "सायेब, कान बघा! कान!"

मी कान बघितले नाहीत. मी कागदाकडे बघत होतो.

तिसऱ्या हिसक्याला शेंदऱ्यानं मान खाली घातली आणि गड्याला उचलून बाजूला टाकलं. तेही कुठं? त्याच सोयाबीनच्या भुसकटात! गडी मऊ पडला, त्याला खरचटलंही नाही. पण भाऊसाहेबांचा वळू बिचकून गादीवरून खाली उतरला आणि सगळ्या गावासमोर ढोपरं घासत चार पावलं चालला.  लोकांनी आधी ते पाय पाहिले, मग भाऊसाहेबांना, आणि मग मला.

शेंदऱ्या तोवर कौसाबाईंपाशी जाऊन उभा राहिला होता. नाकातून रक्ताचा एक थेंब. कौसाबाई पदरानं पुसत होत्या.

मी लिहिलं, स्वभाव : मारका.

दुसऱ्या फॉर्मवर लिहिलं, पाय : उत्तम. स्वभाव : गरीब. या खेपेला वरून कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला नाही.

निकाल वाचून झाल्यावर कौसाबाई पुढे आल्या. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग त्यांच्या वळूचं दावं बी माझ्या हातात द्या की सायेब. बघू कसा चालतो."

मी घड्याळात बघून म्हणालो, "वेळ संपली."

*

दोन महिन्यांनी नापास वळूंच्या खच्चीकरणाची मोहीम आली. लोक त्याला चिमटा लावणं म्हणतात. मोठा लोखंडी चिमटा असतो, वरून शीर दाबली जाते, रक्त येत नाही. पण जनावराला आधी पाडावं लागतं. दोर टाकून चार गडी खाली घेतात, पाय बांधतात. मारकं असेल तर सहा गडी.

कौसाबाई स्वतः शेंदऱ्याला घेऊन आल्या. रहीमभाईंनी दोर काढला. त्या म्हणाल्या, "पाडू नका त्याला. मी धरते."

मी म्हणालो, "बाई, लाथ मारेल."  त्यांनी शेंदऱ्याचं डोकं छातीशी धरलं आणि त्याच्या कानात काहीतरी बोलत राहिल्या.

मी चिमटा लावला. एकदा, मग दुसऱ्या बाजूनं. शेंदऱ्याच्या अंगावरून काटा सरसरत गेला. त्यानं मागचा एक पाय उचलला, हवेत धरला, आणि परत होता तिथं खाली ठेवला. माझं डोकं त्या पायापासून वीतभर अंतरावर होतं.

रहीमभाईंनी रजिस्टर उघडलं. पेनचं टोपण काढलं. मग म्हणाले, "काय लिवू सायेब? मारका वळू, उभ्याउभ्यानं चिमटा? वरून फोन येईन की."

"काही लिहू नका," मी म्हणालो.

कौसाबाईंनी दावं हाताला गुंडाळलं. निघता निघता वळल्या. "सायेब, आता तरी गरीब लिवाल का त्याला?"

"फॉर्म वर गेला," मी म्हणालो. "आता बदलता येत नाही."

त्या दिवशी रहीमभाईंनी माझ्यासोबत चहा घेतला नाही. रोज घ्यायचे.

*

पुढची सात वर्षं, अगदी रिटायर होईपर्यंत, माझी तालुक्याबाहेर बदली झाली नाही. कुणाच्या कृपेनं, ते विचारू नका.

त्यातल्याच तिसऱ्या वर्षी एका गावात टपरीवर चहा घेत उभा होतो. पाठीमागून जोरात हाक आली, "ए डॉक्टर! हाट्! मधून सरक की, गाढवा!"

मी दचकून बाजूला झालो. वळून बघतो तर एक म्हातारा तांबडा गोऱ्हा हाकत येत होता. मला बघून त्याची पाचावर धारण बसली. "तुम्हाला न्हाई सायेब, तुम्हाला न्हाई! ह्याला म्हणलो!"

"ह्याचं नाव डॉक्टर ठेवलंय?" मी हसून विचारलं. मला वाटलं, कौतुकानं ठेवलं असेल! उपकाराची जाण असलेली साधी माणसं, वगैरे.

म्हातारा इकडेतिकडे बघायला लागला. टपरीवाला कप विसळता विसळता म्हणाला, "सायेब, ह्याचं एकट्याचं न्हाई. गावात सतरा डॉक्टर हैत!"

गोऱ्हा पुढे गेला. मागची ढोपरं एकमेकांवर घासत, फरक फरक आवाज करत. तो नांगराला चालणार नव्हता, गाडीला चालणार नव्हता. भाऊसाहेबांच्या वळूची वासरं. गावानं त्यांना बापाचं नाव दिलं नव्हतं. पास करणाऱ्याचं दिलं होतं.

*

शेंदऱ्या मला एकदाच परत दिसला. बैलगाडीला जुंपलेला. गाडीत कौसाबाई, आणि कापसाच्या गाठोड्यांवर शेजारपाजारची चार लेकरं. उतारावर माझी मोटारसायकल समोर आली तशी कौसाबाई नुसतं "हो रं" म्हणाल्या आणि शेंदऱ्या थांबला. एका लेकरानं वरून वाकून त्याची शेपूट ओढली. त्यानं मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

मला वाटलं, आता बाई काहीतरी बोलणार. मी मनातल्या मनात उत्तरंही जुळवायला लागलो. सरकारी काम, माझाही नाइलाज, समितीचा निर्णय.

कौसाबाई म्हणाल्या, "पोरगी काय करती सायेब? दहावीला व्हती ना तवा?"

"इंजिनिअरिंगला आहे."

"जालन्यालाच का?"

"नाही. संभाजीनगरला. पण बारावीपर्यंत जालन्यातच होती."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "शाळा मधी बदलाया नको."

त्यांनी शेंदऱ्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला आणि गाडी निघाली. मी मोटारसायकल चालू करायला तीनदा किक मारली. ती चालूच होती.

*

गेल्या वर्षी माझा निरोप समारंभ झाला. दवाखान्यासमोर मंडप, खुर्च्या, हार, शाल, श्रीफळ. अध्यक्षस्थानी अर्थातच भाऊसाहेब. एकेक जण उठून बोलत होता. "डॉक्टरसाहेब म्हणजे अत्यंत शांत माणूस." "इतक्या वर्षांत कुणाशी वाद नाही." "वरिष्ठांनाही कधी उलटून बोलले नाहीत." भाऊसाहेब तर म्हणाले, "असा अधिकारी पुन्हा होणे नाही! सांगितलेलं काम कधी टाळलं नाही!" बायको पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. मी खाली मान घालून हाराची फुलं मोजत होतो.

समारंभ संपत आला आणि सूत्रसंचालन करणारे गुरुजी आभाराला उठले, तेवढ्यात रहीमभाईंनी त्यांच्या हातातून माईक घेतला. रहीमभाई माईकवर कधीच बोलत नाहीत. ते म्हणाले, "आता कौसाबाई दोन शब्द बोलतेत." आणि माईक घेऊन मंडपाच्या मागच्या टोकाला गेले.

यादीत त्यांचं नाव नव्हतं. मला तर त्या आल्यात हेही माहीत नव्हतं. त्या उठल्या, सावकाश चालत स्टेजसमोर आल्या. सोबत आलेल्या रहीमभाईंच्या हातातून माईक घेतला. आधी माझ्याकडे बघितलं. पायांपासून सुरुवात केली. मग गुडघे, मग छाती, मग खांदे, आणि सगळ्यात शेवटी तोंड. मी वळू ज्या क्रमानं बघायचो, अगदी त्याच क्रमानं.

"मला भाषण येत न्हाई," त्या म्हणाल्या. "जनावरातलं थोडंफार कळतं."

लोक हसले.

"आमचे डॉक्टर सायेब लई गरीब हैत."

टाळ्या पडल्या. मी उठून हात जोडले. त्या टाळ्या संपेपर्यंत थांबल्या.

"दावं कुणाच्याबी हातात द्या," कौसाबाई म्हणाल्या, "गुमान चालतेत."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. सगळ्यात जोरात भाऊसाहेबांनी वाजवल्या.